रोंगरोंगची तुटक रेष

माझ्या धाकट्या मुलीचं लग्न झालं ते २०११ साली, वसंताच्या सणात, म्हणजे आमच्या नववर्षाला. त्यासाठी मी महिनाभर आन्हुइ प्रांतात, आमच्या गावी जाऊन राहिले होते. शांघायला परतले, नाश्त्याचा गाडा पुन्हा लावला, तर गल्लीत अजून एकच विषय चालू होता. देशोदेशीच्या पंधरा वर्षांच्या मुलांची एक परीक्षा झाली होती आणि तिच्यात शांघायची मुलं पहिली आली होती. गणितात पहिली, वाचनात पहिली, विज्ञानातही पहिली.

रोजचं गिऱ्हाईक म्हणजे म्हातारे शू, पूर्वी बस चालवायचे. त्यांनी पेपर माझ्या पातेल्यासमोर धरला. "वाचा आजी! अमेरिका कुठे आणि आपण कुठे! वाचनात इंग्लंड तर अजून खाली."

मला अक्षरं आली ती साठीजवळ, नातीच्या पहिलीच्या पुस्तकातून. मी मथळ्यावर बोट ठेवून वाचला आणि म्हटलं, "एवढा आनंद झालाय तर आज दोन गोळे घ्या."

"जिंकली मुलं, खर्च माझा?"

"मुलं काय खाऊन जिंकली? इथलेच गोळे."

गरम चिकट भात, मधे तळलेली पिठाची कांडी, थोडं मोहरीच्या पाल्याचं लोणचं, आणि हातावर दाबून केलेला गोळा. गल्लीच्या टोकाला शाळा होती. निम्मी शाळा माझ्या हातचा गोळा खात खात फाटकातून आत जायची. सकाळी दहाच्या सुमाराला तिथून डोळ्यांच्या व्यायामाचं संगीत ऐकू यायचं. सगळी मुलं डोळे मिटून भुवया चोळत बसलेली असायची. ते संगीत ऐकलं की मी गाडा आवरायला घ्यायची. आजही तसलं काही कानावर पडलं की माझे हात फडकं शोधतात.

माझी नात रोंगरोंग त्याच शाळेत आठवीत होती. जन्म शांघायचा, बोली शांघायची, पण सरकारदरबारी घराण्याची नोंद आन्हुइची. त्यामुळे तिला नववीपर्यंत इथे बसता येत होतं, मात्र पुढच्या शाळेची प्रवेशपरीक्षा नोंद असेल तिथेच द्यायची. तिच्या वर्गातल्या बाहेरगावच्या मुलांपैकी कोणी ना कोणी दर सुट्टीनंतर दिसेनासं व्हायचं. बाक मात्र लगेच भरायचे.

रोंगरोंगला जायचं नव्हतं. गणित तिचा जीव होता, आणि गणिताच्या गू बाई त्याहून. माझ्या मुलाच्या, देछुआनच्या, मनात एक आशा होती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. मुलगी इतकी हुशार आहे, शाळेचं नाव तिच्यामुळे झालं, तर मुख्याध्यापक कुठेतरी शब्द टाकतील आणि तिला इथेच ठेवतील. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या घराघरांत तेव्हा ही आशा असायची.

एप्रिलमध्ये इंग्लंडहून एक शिक्षिका आली, हेदर नावाची. उंच, लाल केसांची, आणि दोन आठवडे माझ्याकडे नाश्ता करणारी. आमची मुलं का जिंकतात हे बघायला तिला पाठवलं होतं. गू बाईंना इंग्रजी येत होतं. दोघी उभ्याउभ्या खात बोलायच्या आणि मधूनमधून गू बाई मला सांगायच्या.

"आजी, ही विचारतेय, मी दिवसाला दोनच तास का शिकवते. तिला पाच घ्यावे लागतात."

"मग बाकीचा वेळ तुम्ही काय करता ते सांगा की."

"सांगितलं. वह्या तपासते, आणि आम्ही सगळ्या मिळून एकच धडा पुन्हापुन्हा घासतो. ती म्हणाली, आमच्याकडे दुसऱ्याचा धडा बघायला कोणाला वेळच नसतो."

एकदा हेदर बाईंनी सांगितलं की त्यांच्या वर्गात कच्ची मुलं एका टेबलावर बसतात आणि हुशार दुसऱ्या.

गू बाई म्हणाल्या, "म्हणजे कच्च्यांना रोज कळतं की आपण कच्चे."

"तुमच्या मुलांना कळत नाही?"

"कळतं. पण त्यांना तसं टेबल नाही." मग त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलांचं मला एका गोष्टीचं कौतुक वाटतं. चुकीचं उत्तर सांगायला ती घाबरत नाहीत म्हणे?"

"घाबरत नाहीत," हेदर बाई म्हणाल्या. "दिवसभर सांगतात." आणि इतक्या मोठ्यांदा हसल्या की शूंच्या हातातलं सोयाबीनचं दूध सांडलं.

दुसऱ्या आठवड्यात पाहुण्यांसाठी खुला धडा ठरला. आमच्याकडे अशा धड्याची तालीम होते. इतर शिक्षक मागे बसून बघतात आणि सांगतात, इथे प्रश्न लवकर आला, तिथे खडू जास्त चालला. दुसऱ्या वर्गावर तो घेऊन बघतात, पुन्हा दुरुस्त करतात. गू बाईंचा त्या दिवशीचा धडा भूमितीचा होता. त्रिकोणात एक तुटक रेष काढायची, म्हणजे न दिसणारी गोष्ट दिसू लागते. ती रेष कुठून काढायची हेही ठरलेलं होतं.

पालकांनाही बोलावलं होतं. देछुआन इमारतीच्या कामावर होता, म्हणून मी गेले. धुतलेला सदरा घातला होता, तरी तेलाचा वास येत असणार, म्हणून दाराशी उभी राहिले. पुढे मुख्याध्यापक होते, शिक्षण खात्याचे दोन साहेब होते आणि लहान मुलांच्या स्टुलावर गुडघे वर करून बसलेल्या हेदर बाई.

गू बाईंनी विचारलं, "रेष कोण काढेल?" चाळीस हात वर. त्यांनी रोंगरोंगला बोलावलं.

तिने खडू घेतला आणि ठरल्यापेक्षा वेगळ्याच कोपऱ्यातून रेष काढली.

मला भूमितीतलं काही कळत नाही. पण मागे बसलेल्या शिक्षकांच्या माना एकदम वर झाल्या ते मी पाहिलं. गू बाईंचा हात हवेतच थांबला. सगळा घासूनपुसून बसवलेला धडा त्या रेषेने मोडला होता. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे बघितलं.

गू बाई फळ्यापासून बाजूला झाल्या. "पुढे जा," त्या म्हणाल्या. "आम्ही ऐकतोय."

रोंगरोंगने चार ओळींत सिद्ध केलं. ठरलेल्या वाटेने सात लागत होत्या. हेदर बाई स्टुलावरून उठून टाळ्या वाजवू लागल्या. आमच्याकडे धड्यात कोणी टाळ्या वाजवत नाही. मुलं घाबरून एकमेकांकडे बघायला लागली, मग हसायला लागली.

धडा संपल्यावर हेदर बाईंनी तिला विचारलं, "पुढच्या वर्षी ती मोठी परीक्षा पुन्हा आहे. देशील ना?"

रोंगरोंगने खाली बघितलं. गू बाईंनी तिच्या वतीने सांगितलं, तिची नोंद इथली नाही, तिला गावी जावं लागेल.

"मग तिथून देईल?"

"तिथे ती परीक्षा होत नाही."

"म्हणजे ही मुलगी कोणाच्या आकड्यात धरायची?"

"कोणाच्याच नाही," गू बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापक जवळच होते. पाहुण्यांसमोर त्यांनी रोंगरोंगच्या पाठीवर हात ठेवला. "जायची घाई कशाला? नववीचं वर्ष इथेच काढ. पुढच्या एप्रिलमध्ये त्या परीक्षेसाठी आपली शाळा निवडली गेली तर तूही पेपर देशील. मग जा."

मी धावत घरी गेले. संध्याकाळी देछुआनने बिअर आणली, सुनेने कोंबडीचे पाय शिजवले. "मुख्याध्यापक साहेब स्वतः म्हणाले, राहा!" देछुआन पुन्हापुन्हा म्हणत होता. रोंगरोंग तर गाणं म्हणत ताटं मांडत होती.

दुसऱ्या दिवशी गू बाई नेहमीपेक्षा लवकर आल्या. हेदर बाई बरोबर नव्हत्या. गोळा मागितला नाही.

"आजी, तिला याच उन्हाळ्यात पाठवा."

"अहो बाई, साहेब तर म्हणाले..."

"साहेब एप्रिलपर्यंतचं म्हणाले. एप्रिलमध्ये ती पेपर लिहील, शाळेचा आकडा वाढेल. जूनमध्ये तुमच्याकडे प्रवेशपरीक्षा. तिथली पुस्तकं वेगळी, पेपर वेगळा. दोन महिन्यांत काय करेल ती? आमच्याकडे ती पहिली येईल, आणि स्वतःच्या परीक्षेत नापास होईल."

"आणि तुमचा आकडा?"

"माझ्याकडे चाळीस मुलं आहेत," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे एकच आयुष्य आहे."

मी भाताचं झाकण लावलं. पातेलं उघडंच राहिलं होतं, भात गार होत होता. मी म्हटलं, "तिला हे तुम्हीच सांगा. माझं ऐकायची नाही."

त्यांनी सांगितलं. शाळा सुटल्यावर, माझ्या बंद गाड्याशेजारी, दोघी उलट्या बादल्यांवर बसून. रोंगरोंग आधी भांडली, मग रडली. गू बाईंनी तिला गप्प केलं नाही. शेवटी तिने नाक पुसत विचारलं, "तिथल्या बाई वेगळी रेष काढू देतील?"

"नाही दिली तर कच्च्या कागदावर काढ," गू बाई म्हणाल्या. "उत्तर त्यांच्या रेषेने लिही. आधी पास हो."

जुलैत मी गाडा शूंच्या भाचीला दिला आणि नातीबरोबर निघाले. आमच्या तालुक्याच्या गावी, शाळेच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. त्या गल्लीत सगळ्या आज्या आणि आयाच राहायच्या. मुलं शिकायची, आम्ही त्यांच्यासाठी रांधायचो आणि खिडकीतून एकमेकींना विचारायचो, "काल तुझा किती वाजता झोपला?" पहिल्या चाचणीत रोंगरोंग वर्गात एकविसावी आली. जूनच्या प्रवेशपरीक्षेत तालुक्यातल्या सगळ्यात चांगल्या शाळेत तिला जागा मिळाली, यादीत शेवटून तिसरी. गू बाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बघा, दोनच महिने मिळाले असते तर हुकली असती."

डिसेंबर २०१३ मध्ये टीव्हीवर सांगितलं, आदल्या वर्षीच्या त्या मोठ्या परीक्षेत शांघाय पुन्हा पहिलं. पडद्यावर कुठलीशी शाळा दाखवत होते, निळे गणवेश, वर झालेले हात. रोंगरोंग शेवया खात होती. तिचा काड्या धरलेला हात थांबला.

"आजी, आपण पुन्हा पहिले आलो."

"आपण?"

"माझाच वर्ग ना तो," ती म्हणाली. मग उरलेला रस्सा प्यायली आणि पुस्तकाकडे वळली. मी टीव्ही बंद केला नाही. आवाज तेवढा कमी केला. मला वाटत होतं, आता ते शाळेच्या बाहेरची गल्ली दाखवतील.

ती गल्ली आता पाडली आहे. शाळा आहे, पण फाटक दुसऱ्या बाजूला गेलं. रोंगरोंग आमच्याच तालुक्यात गणित शिकवते, आठवीला. हेदर बाई मधे पुन्हा शांघायला आल्या होत्या, आणि तुटक रेषेवाली मुलगी कुठे असते असं त्यांनी विचारल्याचं गू बाईंनी फोनवर सांगितलं होतं. आमचं ते शेवटचं बोलणं.

गू बाई २०१८ च्या मार्चमध्ये, चिंगमिंगला, म्हणजे पितरांच्या सणाला, थोडे दिवस असताना, फुफ्फुसाच्या आजाराने वारल्या. वय सत्तावन्न. म्हातारे शू त्याच वर्षी हिवाळ्यात गेले.