फुललेली जमीन

"बाईसाब, चर मत पूरो. जमीन फूल जायगी," असं गणोजीनं सांगितलं तेव्हा बकुळा हसली होती.

"गणोजी, फुलावी म्हणूनच तर पेरतोस ना?"

मराठीत फुलणं शुभ. मळा कसणाऱ्या गणोजीच्या माळवी बोलीत त्याचा अर्थ काय, हे विचारायला ती थांबली नाही.

कुक्षीच्या वाटेवरचा तो मळा तिच्या सासऱ्यांचा, बळवंतराव कारभाऱ्यांचा. विहिरीवर एक बाबा उतरले होते. पाण्याचा निचरा होणाऱ्या चराकडे बोट दाखवून ते म्हणाले, "धरतीमाता की नस कटी पडी है. बंद करो, रोज सौ मोट पानी चढाओ. माता प्रसाद देगी." बळवंतरावांनी संस्थानच्या दरबारात भल्याभल्यांचे अर्ज फेटाळले होते, हा मात्र जागच्या जागी मंजूर झाला.

चैत्राच्या उन्हात मळ्यावर पांढरी साय धरली. विभूती! निसरपूरपासून गाड्या लागल्या. शहाणीसुरती माणसं पालथी पडून जमीन चाटू लागली. बाबा पुड्या बांधत होते. "बुखार में एक चुटकी, बवासीर में दो, मुकदमे में तीन."

"दोन्ही पक्षांनी तीन-तीन घेतल्या तर?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"तो जिसका भाव सच्चा."

घरातही रोज सकाळी दुधातून चिमूट ठरली: बकुळेच्या दोन वर्षांच्या लतिकेला, आणि धाकटी जाऊ इंदूच्या तीन महिन्यांच्या तान्ह्याला. पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेल्या बकुळेनं वाद घातला नाही. पुडी घ्यायची, मान लववायची, आणि लतिकेची चिमूट तुळशीच्या मुळाशी टाकायची. आपलं लेकरू वाचलं, घरात शब्दाला शब्द वाढला नाही. इंदूला ती काहीच बोलली नाही.

बारा दिवसांत तुळशीची पानं कडेनं करपली. बकुळेनं तिथली माती बोटावर घेऊन जिभेला लावली. खारट. घशाला ओरबाडणारी. ती तशीच इंदूच्या खोलीत धावली.

बाळाला दोन दिवसांपासून ढाळ होत होते. टाळू खोल गेली होती.

"विभूतीनं पोट साफ होतंय म्हणे," इंदू म्हणाली. मग तिनं वर पाहिलं. "जाऊबाई, तुमची लतिका कशी हो ठणठणीत? तिलाही तीच देता ना?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," बकुळा म्हणाली.

इंदूनं बाळाला उराशी ओढलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या प्रहरी ते गेलं.

"भाव कम पडा," बाबा म्हणाले, आणि पुड्या बांधत राहिले.

बकुळेनं बुडाला भोक असलेल्या एका कुंडीत मळ्यातली माती भरली, ती पाण्याच्या परातीत ठेवून न्हाणीमागच्या उन्हात मांडली. आठ दिवसांनी ती कुंडी तिनं भर गर्दीत आणून ठेवली. वर पांढरी साय होती.

"इथं ना मंत्र म्हटला, ना बाबा आले," ती म्हणाली. "खार जमिनीच्या पोटातच असतो. पाणी फार झालं, त्याला वाट उरली नाही, की वातीतून तेल चढावं तसं ते खार घेऊन वर चढतं. ऊन पाणी पितं. खार मागं उरतो. चर तोच खार धुऊन नेत होता. तो आपण बुजवला."

"इसी कूं हम जमीन फूलना बोलें," मागून गणोजी हळूच म्हणाला. "फिर वां घास बी नी उगे."

बळवंतरावांनी गणोजीला कुदळ आणायला सांगितली. बाबांना अचानक पुढच्या गावची माता बोलावू लागली.

गणोजीनं चर पुन्हा उकरला. दोन पावसाळ्यांनी माती धुतली, शेणखतानं तिला धीर दिला. तिसऱ्या वर्षी ज्वारी आली, विरळ. इंदू मात्र बाळ गेलं त्या दिवसापासून बकुळेच्या हातचं पाणी घेत नाही. लतिका अंगणात खेळायला लागली की ती दार लोटून घेते.

पाण्याला वाट ठेवा, आणि मनात आलेल्या शंकेलाही. जे आपल्या लेकराला देणार नाही, ते दुसऱ्याच्या लेकराच्या ओठी जाताना मान खाली घालू नका. तुमच्या शेजारी कुणी ओली बाळंतीण असेल, तर हे वाचन बाजूला ठेवा आणि तिच्याकडे जा. बाळाच्या दुधात काय घालतेस, एवढंच विचारा. आणि पुडी दिसली, तर उचलून आणा. ती रागावली तरी चालेल.