फौजीचा लाकडी पाय

मी एक जुना पाय आहे. हसलात ना, मित्रांनो? हसा खुशाल. पाय कुठे स्वतःची गोष्ट सांगतो का, असंच वाटलं असणार तुम्हाला. पण मी हाडामांसाचा नाही, लाकडाचा आहे. एकोणीस वर्षं मी एकाच माणसाच्या गुडघ्याखाली काढली. इतक्या सहवासानंतर कुणालाही कंठ फुटेल.

माझा जन्म सैनिकांच्या दवाखान्यामागच्या एका लांबट खोलीत झाला. तिथे लाकडाचा भुसा, सरस आणि चामडं यांचा वास भरलेला असायचा. तेव्हा त्या खोलीत चार कारागीर होते. त्यांच्यातल्या मिस्त्रींनी मला घडवलं. भारी तिरसट माणूस! त्यांनी मला आतून पोखरलं, तासलं, घासलं, पुन्हा तासलं. "टोचलास तर बघ!" असं मला दरडावायचे, जसा काही मी मुद्दाम टोचणार होतो. शेवटी त्यांनी चामड्याचा पट्टा लावला, तळव्याला रबर बसवलं आणि मला एका तरुण जवानाच्या हाती दिलं.

त्या जवानाचा पाय सुरुंगावर पडला होता आणि गुडघ्याखाली तुटून गेला होता. पुढे गल्लीतले सगळे त्याला फौजी म्हणू लागले, म्हणून मीही तेच म्हणतो. पहिल्या दिवशी तो दोन्ही बाजूंचे गज धरून माझ्यावर उभा राहिला. घामाघूम झाला होता बिचारा. त्याच्या शेजारच्या खाटेवर तोफखान्यातला एक जवान होता. त्याला सगळे तोफवाला म्हणत. त्याचे दोन्ही पाय गेले होते. तो टाळ्या वाजवून ओरडला, "शाब्बास गड्या! आपल्यातला एक तरी चालायला लागला!" फौजीने त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला काय वाटलं ते मला तेव्हा कळलं नाही.

निघताना सैनिक कल्याण कचेरीतल्या बाईंनी त्याला एक छोटं पुस्तक दिलं. त्यातलं वाचूनही दाखवलं. दर पाच वर्षांनी नवा पाय, दवाखान्यात मोफत उपचार, येण्याजाण्याचं तिकीट, मुलांच्या शिक्षणाला मदत. "हे सगळं तुमच्या हक्काचं आहे बरं का," त्या म्हणाल्या. फौजी "हो, बाई" म्हणाला आणि घरी आल्यावर त्याने ते पुस्तक कपाटात चादरींच्या खाली ठेवून दिलं.

त्याला पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरी लागली. टाकीवर चढायला बेचाळीस लोखंडी पायऱ्या होत्या. रोज सकाळी आम्ही दोघं त्या चढून पाण्याची पातळी बघायचो. एकदाही खाडा नाही! गल्लीतलं कुणी चेष्टेनं विचारायचं, "काय फौजी, कुठला पाय खरा?" तो म्हणायचा, "एक खरा आहे, आणि दुसरा त्याहून खरा." असं ऐकलं की माझी छाती फुगायची. म्हणजे, छाती असती तर फुगली असती.

पाच वर्षं सरली. गुडघ्याखाली उरलेला त्याचा पाय हळूहळू वाळत गेला आणि मी त्याला सैल होऊ लागलो. तो आधी दोन मोजे घालू लागला, मग तीन. बायको म्हणायची, "अहो, नवा पाय मिळतो ना? पुस्तकात लिहिलंय की!" तो म्हणायचा, "हा चांगला धडधाकट आहे. उगाच कशाला?" मुलीच्या शिक्षणाची मदत तेवढी बायकोने स्वतः कचेरीत खेटे घालून मिळवली. तिच्यापुढे त्याचं काही चाललं नाही.

दहा वर्षं झाली. पंधरा झाली. माझा पट्टा तुटला, तो चांभाराने शिवून दिला. माझी एक बाजू चिरली, तिथे फौजीने आतून पत्र्याचा तुकडा ठोकला. मित्रांनो, पुढचं सांगताना मला फार लाज वाटते. त्या पत्र्याची कड हळूहळू वर आली, आणि मी त्याला टोचू लागलो. ज्याला सांभाळायला माझा जन्म झाला, त्यालाच मी रोज पायरी-पायरीला जखम करत होतो. मला थांबता येत नव्हतं आणि तो थांबत नव्हता.

एके दिवशी मोजे धुताना मुलीला त्यावर रक्त दिसलं. ती आता औषधांच्या दुकानात कामाला होती, तिला हे लपवून कसं चालणार? ती त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "आणखी महिनाभर हा पाय वापरलात, तर गुडघाही काढावा लागेल. मग त्या पायऱ्या विसरा."

घरी आल्यावर मुलीचा बांध फुटला. "बाबा, चौदा वर्षांपूर्वीच नवा पाय मिळाला असता तुम्हाला! का नाही गेलात? कसली लाज वाटते?"

फौजीने मला सोडून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "लाज नाही गं. वर बर्फातल्या चौकीवर आम्ही बारा जण होतो आणि कोरडे बूट सात जोड. ज्याच्या पायात बूट आहेत, त्याने दुसऱ्या जोडाला हात लावायचा नाही, असं आमचं ठरलेलं होतं. तोफवाल्याला दोन पाय लागतात. मी गरज नसताना एक उचलला, तर त्याला कमी पडणार."

मुलीने डोळे पुसले, कपाटातून पुस्तक काढलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी निघायचं."

त्या लांबट खोलीत मी एकोणीस वर्षांनी परत आलो. चारांपैकी एकच कारागीर उरला होता, आमचे मिस्त्री. त्यांनी मला हातात घेतलं, आतून बोट फिरवलं आणि पत्र्याशी येऊन थांबले. सगळं ऐकून घेतल्यावर ते कडाडले, "अहो, पाय काय गोदामात रचून ठेवलेत? मी ज्याच्या-त्याच्या मापाने करतो. तुमचा पाय त्या तोफवाल्याने काय डोक्यावर घालायचा?"

फौजी ओशाळून हसला. पण मिस्त्री हसत नव्हते. "इथे आम्ही चौघं होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमच्यासारखे कितीतरी जण आलेच नाहीत. वरचे म्हणाले, मागणीच नाही, मग माणसं कशाला? तिघांना दुसरीकडे पाठवलं. आज तोफवाला नव्या पायांसाठी आठ महिने थांबलाय. माझे हात दोनच आहेत."

"म्हणजे माझ्यामुळे..."

"तुमच्या एकट्यामुळे नाही. पण तुमच्यामुळेही."

फौजी स्टुलावर बसला आणि रडला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. मुलगी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, त्याक्षणी माझे दोन तुकडे झाले असते तर बरं झालं असतं.

दीड महिन्याने जखम भरली. गुडघा वाचला. मिस्त्रींनी कुणाची पाळी न हुकवता, कामाची वेळ संपल्यावर जागून नवा पाय केला, तो बसवला आणि मी तिथेच फळीवर राहिलो. त्यानंतर फौजी गप्प बसला नाही. सुटीच्या दिवशी तो घरोघर जाऊन जुन्या जवानांना, त्यांच्या बायकांना, गेलेल्या जवानांच्या मागे राहिलेल्या आयांना ते पुस्तक वाचून दाखवायचा आणि हाताला धरून कचेरीत आणायचा. रांग दारापर्यंत लागली. वर्षभरात आणखी दोन कारागीर रुजू झाले. तोफवाल्याला त्याचे पाय मिळाले.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी सांगणार नाही. माझ्यासारख्या वस्तूला वेळेवर निरोप द्यावा. तुमच्या घरात, शेजारी कुणी जुना सैनिक असेल, तर तो आपणहून काही मागणार नाही. त्याच्या कपाटातलं पुस्तक तुम्ही काढा. त्याच्याजवळ बसून ते मोठ्याने वाचा.

फौजी अजूनही दर महिन्याला कुणाला तरी घेऊन इथे येतो, असं मिस्त्री सांगतात. पूर्वी शंभर माणसांत मी त्याची लंगडती चाल ओळखली असती. आता बाहेरून पावलं वाजत जातात, सगळी सारखीच सरळ, आणि त्यांतली त्याची कुठली, ते मला ओळखू येत नाही.