केनवडचा खतखड्डा

मी केनवडच्या शिवारातला एक खड्डा. माझ्याकडे कुणी बघत नाही, मग ऐकणार कोण? तरी बोलतो.

लढाईची वर्षं होती. धान्य महागलं होतं. शेतकी खात्याचे जमादार गावोगाव फिरून सांगत, "शेण जाळू नका, कुजवा." ते ऐकून गोजराबाईनं आपल्या वावराच्या कडेला मला खोदलं. तिचं वावर पार थकलं होतं. नवरा रामकिसन म्हणाला होता, "पुढच्या साली पीक आलं तर ठीक, नाई तर वावर इकून टाकू."

तिनं गोवऱ्या थापणं सोडलं. शेण, पालापाचोळा, राख, सारं माझ्या पोटात. चूल ओल्या काट्याकुट्यांवर धुमसायची. सासू मनकर्णाबाई म्हणायची, "सरकारच्या खड्ड्याले जेवू घालून राह्यली, आन् घरची चूल उपाशी."

मी भरलो, तेव्हा तिनं मला मातीनं लिंपलं. हा पावसाळा जाऊ द्या, पुढच्या पेरणीला उघडा, असं जमादार बजावून गेले.

पण मृगाच्या तोंडावर खात्याचे मोठे साहेब पाहणीला येणार असल्याची बातमी आली. पाटील पुंजाजी माणसं घेऊन आले.

"उघडा खड्डा. खत वावरात दिसलं पायजे."

"भाऊ, कच्चं हाय ते. जमादारानं सांगतलं हाय."

"जमादार मोठा का साहेब? पावण्यापुढं झाकलेलं ताट कोणी ठेवते काय, बाई?"

माझं पोट उपसून वावरभर पसरलं गेलं. साहेबांनी सडकेवरूनच मान डोलावली आणि मोटार निघून गेली.

कच्च्या काडीकचऱ्याला वाळवी लागली. ज्वारी वीतभर वर आली आणि मुळापासून वाळली. "सरकारी खतानं वाळवी आणली," असं गाव म्हणालं. आणखी ज्यांनी खड्डे खोदले होते त्यांनी ते बुजवले; मी तेवढा उघडा राहिलो. रामकिसननं वावर विकलं.

आता गोजराबाई त्याच वावरात मजुरीनं तण निंदते. घरी जाताना वाटेवरचं शेण पाटीत गोळा करते, गोवऱ्यांसाठी. एकदा ती माझ्या काठाशी थांबली होती. वाकली मात्र नाही.

माझ्या तळाशी फावडं पोचलं नव्हतं तेवढा एक थर राहिला आहे. तो आता काळाभोर, भुसभुशीत झाला आहे. त्याला पहिल्या नांगरटीसारखा वास येतो.

कुणीतरी खाली उतरा आणि तो घेऊन जा. कुठल्याही वावरात टाका. फक्त गोजराबाईला दाखवू नका.