चौकातला लॉर्ड

चौकातला लॉर्ड कॅसलव्हेनचा पुतळा हलवायची जेवढी घाई डिंपना ट्रेनरला झाली होती, तेवढी अख्ख्या मोनाहन परगण्यात कुणाला नव्हती. पुतळा घडवला होता तिच्याच पणजोबांनी, ह्यू ट्रेनरनं. ज्या लॉर्डनं ह्यूच्या बापाला, ओवेनला, भर हिवाळ्यात घराबाहेर काढून छप्पर मोडलं, त्याच लॉर्डचा! वर लॉर्डच्या कारभाऱ्याचा हुकूम, की पुतळ्यापुढून जाताना प्रत्येकानं टोपी काढायची. तेव्हापासून घराण्याला 'लॉर्डचे ट्रेनर' हे नाव चिकटलं.

डिंपनाच्या बेकरीत पाव घ्यायला येणारा म्हातारा पॅकी मकार्डल रोज चिमटा काढी. "काय गं, मालकांना सलाम ठोकलास का आज?"

"पाव घे आणि चालू लाग," ती म्हणे. पण लागायचंच तिला.

शेवटी पालिकेनं पुतळा हलवायचं ठरवलं. त्याआधी जुन्या इमारतींची नोंद करणारी ग्रॉनिया नावाची मुलगी डब्लिनहून आली. बाजाराची इमारत, कचेरी, रेल्वे स्टेशन उरकून ती पुतळ्याकडे वळली. तोंडावर बोटभर शेवाळ. डिंपनाचा भाऊ मॅलाकी ओला ब्रश घेऊन शिडीवर चढला आणि घासू लागला. अर्धं गाव जमलं. फुकटची करमणूक कोण सोडतो?

शेवाळ निघालं तशी ग्रॉनिया हातातल्या जुन्या चित्राकडे बघून गोंधळली. "लॉर्ड तर असे होते." चित्रात चोचीसारखं नाक, हनुवटीचा पत्ता नाही. पुतळ्याचा जबडा मात्र रुंद, भुवया जुळलेल्या, नाक डावीकडे वाकडं.

"तो मेला जन्मात इकडं फिरकला नाही," पॅकी म्हणाला. "लंडनात बसून कुळांचा खंड खायचा. त्याचं तोंड बघितलंय कुणी?"

"मग हे कुणाचं?"

काय चाललंय ते ऐकायला मॅलाकीनं शिडीवरून मान वळवली. दोन तोंडं शेजारी शेजारी आली. तोच जबडा, त्याच भुवया. कुणीतरी फिसकन हसलं. डिंपनाचा हात आपल्या वाकड्या नाकाकडे गेला. शाळेत या नाकापायी ती किती रडली होती! घरी आजी म्हणायची, हे ओवेनचं नाक.

"ह्यूनं आपल्या बापाचं तोंड कोरलं," ती म्हणाली. "ओवेनचं. घरातून हाकललेल्या माणसाला चौकात आणून बसवलं."

"म्हणजे तो कारभारी..." पॅकीच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. "रोज टोपी काढायचा ती..."

"आमच्या ओवेनपुढं!"

हशा असा उसळला की कचेरीच्या छपरावरचे कावळे उडाले. पुतळा हलवायला आलेले दोघे कामगारही दोर गुंडाळून हसत उभे राहिले.

पॅकीनं मात्र हळूच टोपी काढली आणि छातीशी धरली.

"घाल रे बाबा, गारठशील," डिंपना डोळे पुसत म्हणाली. "तुझा पणजा जन्मभर टोपी काढून गेलाय, तेवढं पुरे."