वळणावरचे केळीचे खांब

चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी रस्ता एकदम वळतो. मोटरसायकलींची शर्यत असली की नवलभाऊ तरणेपणापासून इथेच उभे राहायचे. "गाडी इथेच घसरते, खरी मजा इथेच!" असं ते सगळ्यांना सांगत, आणि कुणी पडला की पहिली शिट्टी त्यांचीच वाजे.

यंदा शर्यतीत त्यांची लेक पुनम होती. म्हणून सकाळीच त्यांनी आपल्या बागेतून केळीचे खांब तोडून ट्रॅक्टरने आणले आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला रचले. पोरगी आदळलीच तर मऊ लागेल.

"भाऊ, ते खांब काढा ना भो, काहीच दिसत नही!" गर्दीतला एक जण ओरडला.

"नही काढणार! माणूस पडताना पाहायला आले का रे, मेल्यांनो?"

लांबून इंजिनांची घरघर आली. नवलभाऊंनी खाली पाहिलं. ताज्या खांबांचं पाणी उतारावरून झिरपत आख्ख्या वळणावर पसरलं होतं. जन्म केळीच्या बागेत गेला, आणि एवढं सुचलं नाही!

शर्ट काढून ते गुडघ्यांवर बसले आणि डांबर पुसू लागले. पुसावं तितकं ते बुळबुळीत पाणी पसरतच होतं. तेवढ्यात सगळ्यांच्या पुढे लाल जाकीट दिसलं. पुनमचंच.

लोकांनी त्यांना ओढून बाजूला घेतलं. त्यांनी डोळे गच्च मिटले.

गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली.