खालची रेघ

“माझी हिर कुठं हाय गं यात?” भिंतीला नाक लावत कानिफनाथनं विचारलं.

ग्रामसभेत प्रोजेक्टरनं भिंतीवर गावातल्या सगळ्या विहिरींचं पाणी रेघा होऊन पडलं होतं; एकाच चित्रात, विहीरवार रंगीत. कुणाच्या मोटारी उन्हाळाभर बंद ठेवायच्या, ते आज ठरायचं होतं. कानिफनाथचं म्हणणं एकच, धाकट्या भावाची, वैजनाथची मोटार बंद करा, नाहीतर माझी लिंबाची बाग वाळंल. आणि चित्रात वैजनाथची हिरवी रेघ ठसठशीत, कानिफनाथची गायब! त्यात चित्र काढलेलं धनश्रीनं, म्हणजे वैजनाथच्या नगरला शिकणाऱ्या नातीनं.

“आज्याची वढली आन माझी बुजवली व्हय?”

“न्हाई हो, थोरले आबा. कॉम्प्युटरला एकदाच सांगायचं, एक हिर घे, रेघ ओढ, मग पुढची घे. फिरतंय आपलं रहाटावानी. तुमची आधी ओढली, आमची नंतर.”

मला काही कळलं नाही, पण मी मान हलवली. या दोन विहिरींचं मला नवल नव्हतं. मागं कानिफनाथची बादली त्याच्या विहिरीत बुडाली आणि वैजनाथच्या विहिरीत वर आली. मी डोळ्यांनी पाहिलंय. आत बेडूक बसला होता, तोही कानिफनाथचाच. पण ऐकतो कोण? त्यानं भावाला चोर ठरवलं, बोलणं तुटलं. बादली बांधावरच्या बाभळीला लटकत राहिली, दोघंही हात लावीनात.

“मग माझी शेवटाला वढ.”

धनश्रीनं नावं खालीवर केली. तांबडी रेघ उमटली.

“ही बघा माझी!” कानिफनाथ खुलला, आणि थबकला. “आन वैजाची?”

“तुमच्या खाली हाय, आबा. दोन्हींचं पाणी सारखंच उतरतंय. नंतर ओढली, ती आधीचीला झाकती.”

त्यानं नखानं रेघ खरवडून पाहिली. भिंतीचा चुना निघाला.

“काय लिहू? वैजनाथची मोटार बंद?” सरपंचांनी विचारलं.

“थांबा की. त्याची बंद केली, तर वाचलेलं पानी कुनाचं? मला कळंना.”

“मलाबी कळंना,” मागून वैजनाथ म्हणाला. कित्येक वर्षांत भावाशी बोललेले हे पहिलेच शब्द.

कानिफनाथनं वळून पाहिलं नाही. “नगा लिहू,” एवढंच म्हणाला.

संध्याकाळी मी बांधावरून निघालो. वैजनाथची मोटार चालू होती. आपल्या विहिरीच्या काठाशी कानिफनाथ उतरतं पाणी बघत बसला होता, ती बादली उपडी घालून तिच्यावर. भावाची मोटार थांबेपर्यंत त्यानं आपल्या मोटारीच्या बटणाला हात लावला नाही.