भारतात कुठंही पक्कं घर

"मावशी, तुमच्या नावावर भारतात कुठंही पक्कं घर आहे का?"

शिवलीलानं हा प्रश्न सकाळपासून अकराव्यांदा विचारला होता. ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं तिचं दुकान अक्कलकोट रोडवर होतं, आणि घरकुलाचे अर्ज सुरू झाल्यापासून तिथं पाय ठेवायला जागा नव्हती.

"भारतात?" सोनाबाई हसली. "अगं, सोलापुरात सात घरं बदलली. समदी भाड्याची. न्हाय म्हणून लिव."

सोनाबाई एमआयडीसीतल्या कारखान्यात टॉवेलांच्या कडा शिवायची, त्याला बावीस वर्षं झाली होती. लाखो टॉवेल तिच्या हाताखालून गेले असतील, पण स्वतःचा टॉवेल अडकवायला खिळा ठोकायचा तर घरमालकाला विचारावं लागायचं. नवरा वारल्यावर तर मालक खिळ्यालाही नाही म्हणू लागले. म्हणून तिला घर हवं होतं. एका खोलीचं चालेल, पण आपलं. पहिलंच घर घेणाऱ्याला सरकार अनुदान देतं. ते मिळालं तर जमत होतं. नाही मिळालं तर या जन्मी नाही, हे तिला स्वच्छ ठाऊक होतं.

अडलं होतं जातीच्या दाखल्यापाशी. त्याला वडिलांचा कागद लागत होता, म्हणून तिनं माहेरी, नातेपुत्याला, धाकट्या भावाला, सयाजीला फोन केला होता. नेमका कागद कोणता हे काही त्याला कळेना. मग त्या शहाण्यानं पेटीतल्या झाडून सगळ्या कागदांचे फोटो काढून पाठवले.

शिवलीला एकेक फोटो मोठा करून बघत होती. एका फोटोवर थांबली.

"अय्यो मावशी, हा घराचा उतारा आहे. स्लॅबचं घर, नातेपुते. मालक दोन लिहिलेत. सयाजी रावसाहेब आणि सोनाबाई रावसाहेब."

"दुसरी कुनी सोनाबाई असंल."

"तुमच्या वडिलांना मुली किती?"

"मी येकलीच की."

पुन्हा फोन लागला. सयाजी काही लबाड माणूस नव्हता. विचारलं तसं सांगून मोकळा झाला.

"हाय की आक्का तुजं नाव. आप्पानं घर बांधलं तवाच घातलं. म्हणला, पोरगी कदी माघारी आली तर तिला कुनी भाईर हो म्हणाया नगं."

"मग मला का न्हाय सांगितलं रं?"

"आप्पाच म्हणला, सांगू नगंस. सांगितलं तर ती नांदायची न्हाय."

सोनाबाईनं फोन ठेवला. पूर्वी एकदा नवऱ्यानं घराबाहेर काढलं होतं, त्या दुपारी ती एसटी स्टँडवर गेली होती. नातेपुत्याच्या गाडीत चढली, जागा धरली आणि गाडी हलायच्या आत उतरली. दिल्या घरची लेक, कुठल्या तोंडानं जायचं? बापाला ती कधी उलटून बोलली नाही, पण या माणसानं आपल्याला काहीच दिलं नाही, हे तिनं मनात जपून ठेवलं होतं. आता तो समोर हवा होता. फार हवा होता. निदान भांडायला तरी.

"सोपं आहे मावशी," शिवलीला समजुतीनं म्हणाली. "भावाला हक्कसोड लिहून द्या. तुमचं नाव निघालं की परत अर्ज करू. सगळ्याच बहिणी देतात की."

नातेपुत्याच्या त्या तीन खोल्यांत सयाजीचा संसार ठासून भरलेला होता. तिथं राहायला आपण जाणार नाही, हेही सोनाबाईला कळत होतं. तरी ती त्या फोटोतल्या नावाकडे बघत राहिली. रेशनकार्डावर, मतदार यादीत, पगाराच्या चिठ्ठीवर, सगळीकडे तिच्या नावापुढे नवऱ्याचं नाव होतं. बापाचं नाव लावलेली सोनाबाई तिनं लग्नानंतर कुठं पाहिलीच नव्हती.

"ताई, पुन्यांदा इचार."

"काय?"

"मगाचं. भारतातलं."

शिवलीलाला काही उमजेना, पण तिनं विचारलं. मागं रांगेतल्या बायकाही ऐकायला लागल्या.

"तुमच्या नावावर भारतात कुठंही पक्कं घर आहे का?"

"हाय," सोनाबाई म्हणाली. आवाज जरा मोठाच लागला. "नातेपुत्याला. माज्या आप्पानं बांधलंय. लिव."

"मावशी, असं लिहिलं की अर्ज बाद होतो बघा."

"व्हय. तू लिव."

शिवलीलानं 'होय'वर टिचकी मारली. लाल अक्षरं उमटली. अर्जदार अपात्र. कारण : अर्जदाराच्या नावे पक्के घर आहे.

सोनाबाईनं ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्या वेळेला पदर डोळ्यांना लावला.

"याची प्रिंट काढ," ती म्हणाली. "आन् लॅमिनेशन करून दे."